गोल, लहान, करडं

मी एक नियम बोलतोय. लगेच कपाळाला आठ्या घालू नका. हेल्मेटचा, पार्किंगचा किंवा रांगेत उभं राहण्याचा नियम मी नव्हे. ते बिचारे आमच्या झाशीच्या सीपरी बाजारात कधी कोणाला भेटल्याचंही ऐकिवात नाही. मी एका वेबसाइटवरचा साधा नियम आहे.

वेबसाइटचं पान उघडलं की तुम्हाला मजकूर दिसतो, चित्रं दिसतात. ती कशी दिसावीत, कोणाचा रंग काय, कोण केवढं, हे ठरवणारी एक वेगळी फाइल मागे असते. तिला सीएसएस म्हणतात. पानाला कपडे घालणारी फाइल म्हणा ना. त्या फाइलमध्ये माझा जन्म झाला. माझा सगळा अर्थ एवढाच होता की पानावरचं प्रत्येक चित्र गोल, लहान आणि करडं दिसेल.

'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा. त्या शब्दाचे जे हाल झाले, तीच माझी कहाणी आहे.

झाशीत मराठी माणसं आहेत असं पुण्याच्या माणसाला सांगितलं, की तो आधी राणीला नमस्कार करतो आणि मग विचारतो, "अजून आहेत?" आहेत हो. आणि जिथे मराठी माणसं तिथे दोन तट असायचेच. एक मुळातले, म्हणजे ज्यांचे पूर्वज सुभेदारांबरोबर कारकून किंवा पुजारी म्हणून आले आणि इथलेच झाले. दुसरे बदलीचे, म्हणजे गावाबाहेरच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आलेले. मुळातले बदलीच्यांना पाहुणे समजतात. बदलीचे मुळातल्यांचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. दोघांचं मिळून एक मंडळ आहे. आता मंडळ म्हटलं की कार्यकारिणी आली, आणि कार्यकारिणी म्हटली की फोटो आले.

मंडळाची वेबसाइट करायचं काम चारुताकडे आलं. चारुता मुळातल्यांपैकी. प्रेम नगरात आईवडिलांकडे राहून गुडगावच्या कुठल्याशा कंपनीचं काम करते. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र दर चार शब्दांनी हिंदीचा हात धरावा लागतो. तिने सगळ्यांकडून फोटो मागवले आणि जे आले ते पाहून ती कपाळ धरून बसली. कोणाचा पासपोर्टचा, मागे निळा पडदा. कोणाचा लग्नातला, खांद्यावर भलत्याच माणसाचा हात. एकाने नव्या मोटारीचा फोटो पाठवला होता, त्यात स्वतः तो आरशात दिसत होता.

तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर सगळे कर्मचारी गोलात आणि करड्या रंगात असतात. फार सभ्य दिसतात. तिला तोड सापडली. तिने मला लिहिलं आणि क्षणात सगळे एका माळेचे मणी झाले. पडदे गेले, सोफे गेले, खांद्यावरचे हात कापले गेले. अध्यक्ष आणि शिपाई एकाच आकाराचे. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला. शतकानुशतकं संतमहंतांना जे जमलं नाही, ते मी एका ओळीत करून दाखवलं असं मला वाटलं.

तो गर्व एक संध्याकाळ टिकला.

पहिला घाव गणपतीमुळे पडला. मंडळाच्या मूर्तीचा फोटो पानाच्या माथ्यावर होता. माझ्यापायी तो गोल झाला, त्यात मोदकाचा हात कापला गेला आणि वर देव करडा! सगळ्यांनी कानाला हात लावले. चारुताने माझ्या मजकुरात भर घातली: प्रत्येक चित्र, गणपती सोडून. देवापुढे नियम कोणाचा चालतो?

मग देणगीचा तो काळा-पांढरा चौकोन, ज्याच्यासमोर फोन धरतात. तो मी गोल केला होता. त्याचे कोपरे गेले, आणि कोपरे गेले की फोन त्याला ओळखत नाही. तोही सोडला. हेही योग्यच होतं. कामाच्या गोष्टीला सूट द्यावी, एवढी अक्कल मला आहे.

खरा घोळ पुढे झाला. अध्यक्ष विद्याधरराव यांचे साडू ग्वाल्हेरला असतात. त्यांनी वेबसाइट उघडली, विद्याधररावांचा गोल, करडा, गंभीर चेहरा पाहिला आणि त्यांना जे वाटायचं तेच वाटलं. आपल्याकडे असा फोटो भिंतीवर कोणाचा लागतो ते काय सांगायला हवं? त्यांनी रडत रडत फोन लावला. तो घेतला विद्याधररावांच्या पत्नीने, प्रमोदिनीबाईंनी. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ही हकिकत चारुताकडे येऊन सांगितली, आणि तिच्या लॅपटॉपवर पान उघडं असल्यामुळे मीही ऐकली.

"ते म्हणाले, ताई, धीर धरा. मी म्हटलं, धीर कशाला धरू? ते आत दाढी करतायत! अगं, वीस माणसांचं जेवण सांगून ठेवलं होतं त्यांनी तिथे, तेराव्याचं विचारत होते. तू आधी ह्यांना जिवंत कर."

"काकू, वो तो डिझाइन आहे," चारुता म्हणाली. "सगळ्यांना सेम आहे."

"सगळे असतील मेलेले. हे अध्यक्ष आहेत."

विद्याधरराव रंगीत झाले, मोठे झाले, चौकोनी झाले. गोलात त्यांची पगडी अर्धी कापली जात होती, तीही सबंध दिसू लागली. पगडी त्यांच्या पणजोबांची. वर्षातून एकदा गणपतीत घालतात आणि उरलेलं वर्ष तिच्याबद्दल बोलतात.

अध्यक्षांना सूट मिळाल्यावर चिटणीस कसे गप्प बसतील? चिटणीस निशांत, बदलीच्यांपैकी, नागपूरकडचे इंजिनिअर, येऊन वर्ष झालेलं. ते म्हणाले, "मला स्वतःसाठी काही नको. पण आमच्या लोकांमध्ये चुकीचा संदेश जातो." मग संदेश दुरुस्त करण्यासाठी त्यांना सोडलं. प्रमोदिनीबाईंची नथ करड्यात दिसत नव्हती, म्हणून त्या सुटल्या. एका सल्लागारांचं पदक कापलं जात होतं. मोटारवाल्यांची मोटार गोल झाली होती. एक सभासद म्हणाले की त्यांना खास कारण काही नाही, पण बाकीच्यांना सोडलंय तर त्यांनीच काय पाप केलंय? असं करत करत शिपाईसुद्धा सुटला.

माझं पोट फुगत चाललं. मी एका ओळीचा जन्मलो होतो, आता वाचणाऱ्याला दम लागावा इतका लांब झालो. आणि सगळी लांबी कसली, तर 'सोडून, सोडून, सोडून'. तुम्हा माणसांची ही खोड मी जवळून पाहिली आहे. नियम तुम्हाला मनापासून आवडतो. तो असल्याशिवाय आपल्याला सूट मिळाली हे कळणार कसं?

अशात एका दुपारी ताराकाकू चारुताकडे आल्या.

ताराकाकू म्हणजे मंडळाचं स्वयंपाकघर. कार्यकारिणीच्या यादीत सगळ्यांत खाली, 'भोजन व्यवस्था' असं लिहून त्यांचा फोटो होता, आणि त्याच्याही खाली, पानाच्या तळाशी, दिवंगत सभासदांचे जुने फोटो. यजमान सुभाषचंद्र रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काकूंनी बिस्किटी आणि राखी याखेरीज रंग अंगाला लावला नव्हता. पण वेबसाइटसाठी फोटो मागितला तेव्हा त्या एकट्या सीपरी बाजारात गेल्या, एक साडी घेतली, ती नेसून बड्या बाजारातल्या स्टुडिओत जाऊन बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा फोटो काढून आल्या.

"चारू, हे बघ गो," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "माझं लुगडं हिरवं आहे. इथे चुलीतल्या राखेसारखं दिसतंय."

चारुताने मूळ फोटो उघडला. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. पिकायला आलेल्या कैरीवर असतो तसा हिरवा, आणि काठ लालभडक. कपाळावर बारीकशी टिकली. चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचा भाव.

"काकू! ये तो कमाल आहे," चारुता म्हणाली.

"दुकानदार म्हणाला, अम्माजी, बहू के लिए दिखाऊँ? मी म्हटलं, नहीं भैया, हमारे लिए. तो दोनदा बघत राहिला माझ्याकडे." काकू हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला आवडतो गो हा रंग. दुसरं काही नाही. एकदा दिसावा लोकांना, बस. होईल ना?"

"मी तर आत्ताच करून देते. फक्त काका लोकांना एक बार विचारावं लागेल."

हीच चूक झाली. मोटारीला रंग देताना तिने कोणाला विचारलं नव्हतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला. निशांतराव त्या दिवशी कारखान्यात अडकले होते. चारुताने लॅपटॉप फिरवून हिरवी साडी सगळ्यांना दाखवली. मग प्रमोदिनीबाईंनी नथीला हात लावत म्हटलं, "राहू दे गं. तिचं तसंच बरं दिसतंय. उगाच लोक बोलतील. तिच्या भल्यासाठीच म्हणते मी."

विद्याधरराव घसा खाकरून म्हणाले, "प्रश्न साडीचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. एकेका माणसासाठी नियम मोडत बसलो तर संस्था चालेल कशी? नियम म्हणजे नियम."

त्यांच्या समोरच लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचा स्वतःचा फोटो होता. मोठा, चौकोनी, पगडीसकट. मला हात असते तर मी तोंडावर ठेवले असते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेत होतं आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ज्याने स्वतःला माझ्यातून सोडवून घेतलं, तोच मला हातात धरून एका बाईची साडी झाकत होता. मी नियम उरलोच नव्हतो. मी पदर झालो होतो, तोही दुसऱ्याच्या डोक्यावरून ओढायचा.

चारुताने मान डोलावली. तिच्याकडे गुडगावचं काम साठलं होतं. काकूंना तिने फोनवर सांगितलं, "बाद में बघू, काकू." काकू म्हणाल्या, "बरं." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

मग गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी सकाळी सभागृहात कार्यक्रम असतो. भाषणं होतात, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहतात आणि शेवटी प्रसादाची वाटली डाळ. या वर्षी निशांतरावांनी सुधारणा केली. भिंतीवर मोठा पडदा लावला, चारुताला लॅपटॉपशी बसवलं, आणि तिला सूचना दिली की वेबसाइटचं पान तळापासून सुरू करून हळूहळू वरच्या फोटोंकडे न्यायचं. करडा फोटो आला की थांबायचं. करडे ते आपले दिवंगत.

हिशेब तसा बरोबर होता. जिवंत माणूस करडा राहिलाय हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि वर्षभरात ते स्वयंपाकघरात एकदाही डोकावले नव्हते.

जुने अध्यक्ष झाले, जुने खजिनदार झाले. निशांतराव माइकवर बोलत होते, सगळे उभे होते, विद्याधरराव मंचावर डोळे मिटून हात जोडून उभे होते. पान सरकत सरकत ताराकाकूंच्या फोटोपाशी आलं. चारुताने झटकन पुढे नेलं.

"थांब, थांब," निशांतराव म्हणाले. "मागे घे. घाई नको, श्रद्धांजली आहे."

"निशांत भैया, ये तो..."

"शू!" हे माइकमधून सगळ्या सभागृहात गेलं. चारुता गप्प झाली. फोटो पडद्यावर थांबला. गोल, लहान, करडा. मी माझं काम चोख करत होतो.

"कैलासवासी तारा..." निशांतरावांनी फोटोखालचं नाव वाचलं आणि आवाज खाली आणला. "हसतमुख, कष्टाळू, निरपेक्ष. स्वयंपाकघर हीच त्यांची कर्मभूमी. त्यांच्या जाण्याने आपल्या मंडळात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांच्या हातची वाटली डाळ आज आपल्याला मिळणार नाही."

आणि नेमका त्याच क्षणी आतून मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास आला.

लोकांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी कुजबुजलं, "कब? कल तो सब्ज़ी मंडी में मिली थीं." दुसरी म्हणाली, "हमें किसी ने बताया ही नहीं." पण सगळे उभे होते, अध्यक्षांचे डोळे मिटलेले होते, आणि श्रद्धांजलीत मध्येच बोलायचं कसं? माणसं चुकीच्या बसमध्ये बसतील पण उठून विचारणार नाहीत, तसं झालं. निशांतराव म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध राहू या." सगळे स्तब्ध राहिले.

सभागृह एवढं शांत का झालं, म्हणून ताराकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात झारा, अंगावर राखी साडी. सगळे मान खाली घालून उभे आहेत हे पाहून त्याही मान खाली घालून उभ्या राहिल्या. रीत ती रीत. मग शेजारच्या बाईला त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गो?"

त्या बाईने वर पाहिलं. तिने नुसतं पडद्याकडे बोट केलं.

काकूंनी डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन मिनिटं अजून संपायची होती, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"लुगडं हिरवं आहे ते."

विद्याधररावांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घ्यावेत असा त्यांचा चेहरा झाला. निशांतरावांच्या हातातला माइक शिटी मारू लागला. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला.

"तारावहिनी," विद्याधरराव पायऱ्या उतरून आले, "अहो, क्षमा करा. तांत्रिक चूक आहे. वेबसाइटची चूक."

तांत्रिक! म्हणजे मी! पगडीवाल्याला सोडा, नथवालीला सोडा, मोटारीला सोडा, आणि माणूस मेला की चूक माझी. राग येऊन उपयोग काय म्हणा. आमच्या जातीला तोंड नसतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच सगळं आमच्या नावावर खपतं.

"चारुता," अध्यक्ष म्हणाले, "वहिनींसाठी आत्ताच्या आत्ता अपवाद कर. मी सांगतो ना. माझ्या अधिकारात."

"नको," ताराकाकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण झारा हातात तसाच उभा होता. "अपवाद नको मला. चारू, मला एक सांग. ह्या सगळ्यांचे फोटो रंगीत कशाने आहेत?"

"ते सगळे अपवाद आहेत, काकू."

"सगळे?"

"सगळे."

"मग नियमात कोण आहे?"

चारुताने पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "गेलेले लोक," ती म्हणाली. "और आप."

सभागृहात आता खरी स्तब्धता पसरली. माइकवरून सांगून असली येत नाही.

काकूंनी मान हलवली. "ते चांगलं बोलले पण," त्या निशांतरावांकडे बघून म्हणाल्या. "हसतमुख, कष्टाळू. इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. माहीत असतं तर आधीच मेले असते." आणि त्या डाळ बघायला आत गेल्या.

चारुताने कोणाला विचारलं नाही. सगळ्यांच्या देखत, त्याच मोठ्या पडद्यावर तिने ती फाइल उघडली. माझ्यावर आली. मी केवढा लांबलचक झालो होतो ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येकाने त्यात आपापलं नाव वाचलं आणि पुढे नजर दुसरीकडे वळवली. मग तिने माझ्या पुढे-मागे दोन खुणा घातल्या. अशा खुणा घातल्या की आमचा प्राण जातो. आम्ही पुसले जात नाही, नुसते पडून राहतो.

पान पुन्हा उघडलं. गेलेल्यांचे फोटो चौकोनी झाले, पण ते मुळातच काळे-पांढरे. त्यांना काय फरक पडायचा? अध्यक्ष, नथ, पदक, मोटार सगळं जिथल्या तिथे होतं. अख्ख्या पानाचा सर्वसाधारण नियम गेला आणि रंग आला तो फक्त एका फोटोला.

भिंतभर हिरवं झालं. काठ लाल, टिकली बारीक. पहिल्या रांगेतल्या प्रमोदिनीबाईंच्या नथीवरसुद्धा हिरवी झाक पडली.

मी ते पाहिलं. माझ्या हयातीत मी एवढं चांगलं काम कधी केलं नव्हतं, जेवढं मरून केलं.

आता मी त्या दोन खुणांच्या मध्ये पडून असतो. चारुता कधीमधी फाइल उघडते, मला ओलांडून पुढे जाते. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कोणी सगळ्यांसाठी म्हणून नियम केला, तर तो करणाऱ्यापासून सुरू करा, आणि वर्षभराने शेवटी तो कोणाच्या अंगावर उरलाय ते एकदा बघा.

हे मी उगाच म्हणत नाही. परवाच विद्याधररावांचा चारुताला मेसेज आला. लॅपटॉप उघडा होता, मी वाचला. "बाळ चारुता, भोजन व्यवस्थेतला हिरवा रंग पानावर जरा भडक वाटतो, असं काहींचं मत पडलं. कोणा एकाबद्दल नाही, पण सर्वच छायाचित्रांसाठी काही सौम्य, सर्वसाधारण नियम करता येईल का?"

चारुताने उत्तर पाठवलं, "जी काका. आधी तुमच्या फोटोला लावून बघते."